पायलीभर चिंचा

“मिलका, पायली आण,” शलोमकाका म्हणाले. “आणि पुसून आण गो. मागच्या खेपेला तिच्यात उंदराच्या लेंड्या होत्या.”

मी पायली पुसून ओट्यावर आणून ठेवली. पितळेची, एका अंगाने चेपलेली, आईच्या माहेरची. शलोमकाकांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी ती हातांनी चाचपली, आत मूठ फिरवून पाहिली आणि मान डोलावली. बाबा अंगणातल्या चिंचेला टेकून उभे होते. सकाळीच रेवदंड्याचा सुतार येऊन चिंचेचा घेर सुतळीने मोजून गेला होता आणि तिच्याकडे बघत ‘झकास’ म्हणाला होता. मला त्या ‘झकास’चा रागच आला होता.

“हनोख, ऐक,” शलोमकाका बाबांना म्हणाले. “फळत्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. लढाईत शत्रूचं गाव वेढून बसलास तरी त्याच्या फळझाडाला हात लावायचा नाही, ही मोशेची आज्ञा. तिथे तुझा घाणा म्हणजे काय?”

“आज्ञा मला ठाऊक आहे, काका. मला एवढंच सांगा, ही चिंच चार वर्षं फळलेली नाही. मोहर येतो नि गळून जातो. हिला फळझाड म्हणायचं का?”

“ते तूही ठरवायचं नाहीस नि मीही नाही. पायली ठरवेल. शास्त्रातलं माप निराळं आहे, पण आपल्या वाडवडिलांनी त्याची पायली केली, ती आपण पाळतो. आज झाडांचा सण. आजपासून पासोव्हरच्या सणापर्यंत हिच्याखाली ज्या चिंचा पडतील त्या मोजायच्या. पायली भरली तर हिच्या डहाळीलाही धक्का लागता कामा नये. नाही भरली तर ते लाकूड. मग खुशाल तोड, मी स्वतः शेजारी उभा राहीन.”

“कबूल,” बाबा म्हणाले.

“आणि चिंचा तू वेचायच्या नाहीस. तू गरजवंत. मिलका वेचेल. पोरगी खोटं बोलत नाही.”

पोरगी एकवीस वर्षांची होती आणि वेळ पडली तर उत्तम खोटं बोलत होती. पण सणाचा दिवस होता, प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन आम्ही नुकताच पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा खाल्ला होता. अशा वेळी कोणी आपलं कौतुक केलं तर मध्ये तोंड घालू नये, एवढी अक्कल मला होती.

ही गोष्ट १९६५ सालची. आमचं वेळशेत हे गाव खाडीच्या अंगाला होतं. आम्ही बेने इस्राएल. कोकणात कधी आलो ते कोणाला धड सांगता येत नाही. गलबत फुटून किनाऱ्याला लागलो असं म्हणतात. लागलो ते तेलाच्या घाण्याला जुंपून घेतलं. शनिवारी आमचा घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. पुढे यहुद्यांचा देश झाला आणि वेळशेतातून एकेक घर मुंबईच्या बंदरात जाऊन बोटीत बसू लागलं. चाळीस घरांची तीन उरली. एक आमचं, एक शलोमकाकांचं आणि एक मोझेलआजीचं, जी कोणी जाण्याचं नाव काढलं की दार लावून घ्यायची. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची सामुदायिक प्रार्थना होत नाही. गावात पुरुष उरले होते दोन. शलोमकाका प्रार्थना चालवणारे हज्जन, पण त्यांच्या प्रार्थनाघराला कुलूप आणि त्या कुलपाला गंज.

घाणा चालवणारे बाबा शेवटचे. हनुक्काच्या सणाच्या दिव्यांसाठी तेल काढताना घाण्याचं उखळ उभं तडकलं. उखळ म्हणजे जमिनीत पुरलेलं जाड खोड, ज्याच्या पोटात खोबरं नि तीळ घालायचे आणि ज्याच्याभोवती बैल फिरायचा. काठापासून बुडापर्यंत चीर गेली, तेल जमिनीत मुरायला लागलं. बाबांनी राळ भरून पाहिली, लोखंडी कडी ठोकून पाहिली. काही उपयोग झाला नाही. उखळाला जुन्या चिंचेचंच लाकूड लागतं, दुसरं तो दाब सोसत नाही. असल्या घेराच्या चिंचा पूर्वी पंचक्रोशीत पुष्कळ होत्या. त्या कोळशाच्या भट्ट्यांनी खाल्ल्या. उरली ती आमच्या दारातली.

म्हणजे हिशेब सरळ होता. चिंच पडली तर घाणा उभा राहणार, आणि घाणा उभा राहिला तर बाबा वेळशेत सोडणार नव्हते. चिंच वाचली तर बाबांना गावात करण्यासारखं काही उरणार नव्हतं.

आणि मला जायचं होतं.

मला अबिशाय नागावकरकडे जायचं होतं. आधी साधं खरं सांगते, मग लाजायचं ते लाजेन. वाकड्या दातांचा, हसरा, सायकलवर दोन्ही हात सोडून बसणारा. दोन वर्षांपूर्वी त्यांचं घर उठून गेलं तेव्हा तो मला खाडीच्या धक्क्यावर म्हणाला होता, “मागून ये. मी थांबतो.” तिकडे त्या नव्या देशात तो दिमोनात एका कापड गिरणीत लागला होता. वाळवंटातलं गाव. दर पंधरवड्याला पत्र यायचं. पत्रात वाळूच असायची, पण शेवटी माझं नाव असायचं.

“तू जा की,” बाबा एकदा म्हणाले. ते बैलाला पाणी दाखवत होते. “तुला कोणी दावणीला बांधलंय?”

“आणि तुम्ही?”

“मी आहे, बैल आहे. तुझी आई आहे वर टेकाडावर.” आईचं थडगं तिथे होतं.

“तुम्हाला भात तरी रांधता येतो का?”

“बैलाला कुठे भात लागतो?”

असं बोलून ते विषय संपवायचे. पण त्यांचा चहा मी केला नाही तर ते सकाळभर उपाशी राहायचे, आणि विचारलं तर ‘भूकच नव्हती’ म्हणायचे. अशा माणसाला एकटं टाकून जायचं कसं? बाबांना सोडणं मला जमणार नव्हतं आणि घाणा सोडणं बाबांना जमणार नव्हतं. मध्ये ती चिंच उभी.

तेव्हा मी रोज सकाळी उठल्याबरोबर टोपली घेऊन चिंचेखाली जायची. आयुष्यात कधी देवाजवळ काही मागितलं नव्हतं, ते तेव्हा मागितलं. झाडा, फळ. आम्हा मुलींना नवस बोलायची सवय. मी त्या चिंचेला मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते आठवलं तर अजून हसू येतं.

खाली एखादी चिंच पडलेली असायची. कधी तीही नाही. एकदा दोन, त्यातली एक किडकी.

वर पाहिलं तर पानांत चिंचा दिसायच्या. गच्च नाही, पण होत्या. मग त्या पडत का नव्हत्या? काठीने झोडपायची परवानगी नव्हती. आपसूक पडेल तेवढीच धरायची, असं शलोमकाकांनी बजावलं होतं. शनिवारी आम्ही काडीही उचलत नाही, त्यामुळे त्या दिवशीच्या चिंचा तशाच पडून राहायच्या. संध्याकाळी तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, की शलोमकाका बाबांचा हात धरून यायचे आणि त्यांच्यासमोर मी वेचायची. तेव्हा मात्र ओंजळभर निघायच्या. मला वाटायचं, दिवसभर साचल्या म्हणून जास्त.

“किती?” काका विचारायचे.

“ओंजळभर.”

“हं. झाड म्हातारं झालं खरं,” काका म्हणायचे आणि बाबा त्यांचा हात धरून परत निघायचे.

त्या साली पासोव्हर उशिरा होता, जवळजवळ तीन महिने हातात होते. त्यातले अडीच गेले तरी पायली अर्धीही भरेल इतक्या चिंचा जमल्या नव्हत्या. सुतार दोनदा येऊन ‘कधी पाडायची’ विचारून गेला. बाबांनी कुऱ्हाड धार लावून कोपऱ्यात ठेवली. ते हल्ली फार लवकर उठायचे आणि माझ्याशी फार कमी बोलायचे. मला वाटायचं, झाड पडणार म्हणून त्यांनाही वाईट वाटतंय.

मग ते पत्र आलं. अबिशायने लिहिलं होतं: ‘आईने इथल्या लोद गावची एक मुलगी पाहून ठेवली आहे. चांगल्या घरची आहे. मी आईला सणापर्यंत थांब म्हटलं आहे. तुमचं काय ठरतंय ते मला सरळ कळव, मिलका. वाट बघायला माझी ना नाही, पण कशाची वाट बघतोय ते मला कळू दे.’

पत्र मी मोरीत उभी राहून तीनदा वाचलं. रडले नाही. मला राग आला. अबिशायचा, त्याच्या आईचा, लोदच्या त्या चांगल्या घरच्या मुलीचा आणि सगळ्यांत जास्त त्या चिंचेचा. एवढं मोठं धूड, पायलीभर फळ देता येऊ नये?

हिराकाकूचं घर आमच्या मागल्या बांधाला. जातीने आगरी, तोंडाने फटकळ, पण आई गेल्यावर महिनाभर तिनेच आम्हाला जेवायला घातलं होतं. तिच्या बांधावर चिंचेचं झाड होतं, तरणं, आणि ते दर साली वाकेपर्यंत फळायचं. सणाच्या आधीच्या शुक्रवारी मी तिच्याकडे गेले.

“काकू, थोड्या चिंचा देतेस?”

“थोऱ्या म्हंजे कवऱ्या?”

“ही टोपली भरून.”

हिराकाकूने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “एवऱ्या चिचा कनाला गो? पोटुशी बायसुदीक एवऱ्या खात नाय.”

“सणाला लागतात.”

“तुमच्या सणाला चिचा? मना कवा दिसल्या नाय त्या.” पण तिने दिल्या. वर हाताने दाबून दाबून भरल्या.

शनिवारी दुपारी बाबा शलोमकाकांकडे प्रार्थनेला गेले. दोघांचीच प्रार्थना, पण ते कधी चुकवत नसत. मी गोठ्यात लपवलेली टोपली काढली आणि चिंचेखाली गेले. आमच्यात शनिवारी चूल पेटवत नाहीत, फूल खुडत नाहीत, रस्त्यावर सापडलेला पैसा उचलत नाहीत. आणि मी त्या दिवशी टोपली कमरेवर घेऊन चिंचा पेरत फिरत होते. वारा दोन दिवस सुटला होता, ते एक बरं होतं. पानं, काटक्या सगळीकडे पडल्या होत्या, त्यात चिंचा मिसळून गेल्या. ओळीने पडल्यासारख्या दिसू नयेत म्हणून मी काही दूर फेकल्या, एकदोन पायाने मोडल्या. खोटं करायचं तर नीट करावं.

संध्याकाळी तारे दिसले. शलोमकाका आले, बाबांच्या दंडाला धरून. मी वेचायला लागले आणि टोपली भरत गेली.

“अजून वेचतेस?” काका म्हणाले.

“आज पुष्कळ पडल्यात, काका. वारा होता.”

“बघ हनोख! म्हातारी जागी झाली.”

बाबा वाकले आणि त्यांनी एक चिंच उचलली. टरफल काढलं आणि ती तोंडात टाकली. आमची चिंच गावात प्रसिद्ध होती. ती जिभेला लागली की कोणाचाही डावा डोळा मिटायचाच. मी बाबांच्या डोळ्याकडे बघत होते. तो मिटला नाही. बाबांनी शांतपणे चघळली, चिंचोका तळहातावर घेतला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

आता बोलणार. आता सगळं संपलं.

“चांगली आहे,” बाबा म्हणाले आणि काकांना ओट्यावर बसवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून एक चमत्कार झाला. रविवारी सकाळी चिंचेखाली पंचवीस-तीस चिंचा पडल्या होत्या. सोमवारी त्याहून जास्त. आठवडाभर तेच. या आपल्याच होत्या, मी चाखून पाहिल्या, डोळा मिटला. मला वाटलं, माझ्या पापाची झाडालाच लाज वाटली.

सणाच्या दिवशी दुपारी पायली मोजली. शलोमकाकांनी स्वतः चिंचा ओंजळीने तिच्यात घातल्या. ती काठोकाठ भरली, वर शीग चढली आणि टोपलीत तरीही उरल्या.

“मिलका,” काका म्हणाले, “माझे डोळे नाहीत, तुझे आहेत. या सगळ्या याच झाडाच्या ना?”

बाबा समोर उभे होते.

“हो, काका.”

“हनोख, तुला काही म्हणायचंय?”

“पायली भरली,” बाबा म्हणाले. “मला काय म्हणायचंय?”

त्यांनी कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून माळ्यावर टाकली. त्या रात्री सणाच्या ताटावर आम्ही तिघं बसलो. पुढल्या वर्षी त्या देशात असू, असं आमचे लोक पिढ्यान् पिढ्या या ताटावर म्हणत आले आहेत आणि पुढल्या वर्षी इथेच बसून पुन्हा म्हणत आले आहेत. बाबांनी ते म्हटलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “या खेपेला खरंच जाऊ. मिलका, त्या अबिशायला कळव.”

मी इतकी आनंदले की उठून शलोमकाकांच्या पाया पडले. ‘आपल्यात असं करत नाहीत गो,’ म्हणत त्यांनी पाय आत ओढून घेतले.

कागदपत्रांना पाच महिने लागले. बैल हिराकाकूच्या घरी दिला. तो पहिल्याच दिवशी दावं तोडून परत आला. बाबा त्याला पुन्हा पोचवून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. निघायला आठ दिवस उरले तेव्हा मी घाण्याची खोली आवरायला घेतली. तेलकट फडकी, जुनी मापं, पेंडीची पोती. मागच्या भिंतीला एक रांजण होता, तोंडाला गोणपाट बांधलेला. मला वाटलं पेंडच असेल. मी दोरी सोडली.

आत चिंचा होत्या. गळ्यापर्यंत. वाळून काळ्या पडलेल्या.

मी एक मोडली आणि जिभेवर ठेवली. डावा डोळा मिटला.

“बाबा!”

बाबा अंगणातून आले, दारात थांबले. रांजणाकडे पाहिलं, गोणपाट माझ्या हातात पाहिलं.

“ह्या कुठल्या?”

“आपल्या,” ते म्हणाले.

“कधीच्या?”

“सणाच्या आधीच्या.” ते आत येऊन उखळाच्या तडकलेल्या काठावर बसले. “पहाटे उठून वेचायचो. एखाददुसरी तुझ्यासाठी ठेवायचो, संशय नको म्हणून.”

मला ते डोक्यात शिरायलाच वेळ लागला. “म्हणजे झाड फळलं होतं?”

“चांगलं फळलं होतं. चार वर्षांची कसर काढली त्याने. तीन पायल्या तरी असतील त्यात.”

“आणि तुम्ही ते तोडणार होता?”

“तोडणार होतो.”

बाहेर हिराकाकू कोणाला तरी ओरडत होती. मी हातातलं गोणपाट खाली टाकलं.

“मग ह्या ठेवल्यात कशाला?” मी म्हणाले. “खाडी समोर होती. टाकून द्यायच्या.”

“खायची वस्तू टाकून द्यायची?” बाबांना खरोखरच धक्का बसला. “काहीतरीच काय बोलतेस! नासधूस करायला आपल्यात बंदी आहे, ठाऊक नाही तुला?”

मला हसू फुटलं. फळतं झाड आडवं करायला निघालेला माणूस, आणि त्याला चिंचा फेकण्याचं पाप नको होतं! बाबांनाही ते कळलं. ते खाली बघून हसले, पण लगेच गंभीर झाले.

“शनिवारी मात्र मी हात लावला नाही,” ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. “एकाही शनिवारी नाही. शनिवारच्या सगळ्या तुझ्या.”

“मी शनिवारीच लावला,” मी म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“हिराकाकूच्या होत्या.”

“ठाऊक आहे गो. त्या बांधावरच्या चिंचा मी किती वेळा खाल्ल्या आहेत. त्या आपल्या नव्हेत हे मला जीभ सांगणार नाही?”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“काय बोलू? चोराने चोराला धरायचं कसं?” त्यांनी हाताने उखळाची चीर चाचपली. “मी तिथे उभा होतो, ती चिंच तोंडात होती, आणि मला कळलं की पोर अगदी माझ्यावर गेलीय. मला राहायचंय म्हणून मी देवाला फसवतोय. तिला जायचंय म्हणून ती फसवतेय, तेही शनिवारी. किती तळमळली असेल तेव्हा हे केलं असेल. मग म्हटलं, दोघांपैकी एकाचंच होणार असेल तर ज्याच्या खोट्याने झाड वाचतं, त्याचं होऊ दे.”

मला रडू आवरेना. इतके महिने मी स्वतःला समजावलं होतं की घाणा तसाही संपलाच होता, बाबा तसेही थकले होते, तिकडे त्यांना बरंच वाटेल. ते सगळं त्या खोलीत गळून पडलं. माझ्यासमोर एक माणूस बसला होता, ज्याला इथेच राहायचं होतं. इतकं राहायचं होतं की त्यासाठी त्याने जन्मात पहिल्यांदा चोरी केली होती.

“बाबा,” मी म्हणाले, “आपण नको जाऊया.”

त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

“तुला राहायचंय?” त्यांनी विचारलं.

एवढंच विचारलं. हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. पण ट्रंकेत अबिशायची पत्रं होती, सगळ्यांत वरच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की दोन खोल्यांचं घर मिळालंय आणि मोरीला खिडकी आहे. मी एकवीस वर्षांची होते. मी बाबांच्या पायांकडे बघत राहिले. त्यांच्या अंगठ्याचं नख तेलाने पिवळं पडलेलं होतं. बाबा थांबले. पुष्कळ वेळ थांबले.

मग ते उठले. “रांजण हिराला देऊन टाकू,” म्हणाले. “त्यात वर्षभराचं तिचं कालवण होईल.” माझ्या डोक्यावर हात ठेवून ते बाहेर गेले.

पुढचं थोडंच आहे. दिमोनात बाबांना वाळूत रोपं लावायच्या कामावर घेतलं. पन्नाशी उलटलेल्या तेल्याला दुसरं काय देणार? ते प्रत्येक रोपाला मुकादमाला विचारायचे, याला खायला काय येतं? मुकादम सांगायचा, काही नाही, सावली येते. बाबा म्हणायचे, ठीक आहे, आणि माती दाबायचे. अठरा वर्षं त्यांनी तिथे काढली. कोकणाचं नाव काढलं नाही, मला कधी टोचून बोलले नाहीत. गेले तेही झोपेत गेले, कोणाला त्रास न देता.

माझं चांगलं झालं. अबिशाय गुणाचा निघाला, मुलं शिकली, मोरीला खरंच खिडकी होती. माझं वाईट झालं असतं तर कदाचित बरं झालं असतं. निदान बाबांनी माझ्यासाठी सोडलं त्याचं काही चीज झालं नाही म्हणून रडता तरी आलं असतं. चीज झालं. आणि तरी त्या खोलीतलं त्यांचं वर उचललेलं तोंड साठ वर्षांत एक दिवस माझ्यासमोरून हललं नाही. मला वेळशेत आठवतं, खाडी आठवते, पण खरी ओढ लागते ती त्या एका क्षणाची, जेव्हा त्यांनी विचारलं होतं आणि मी अजून गप्प बसले नव्हते.

हल्ली दुपारी घरात सामसूम झाली की माझ्या तोंडून मोठ्याने निघून जातं, “हो बाबा, राहायचंय.” आतल्या खोलीतून नात हिब्रूत विचारते, आजी, कोणाशी बोलतेस? तिला मराठी येत नाही. मी म्हणते, कोणाशी नाही.